फ्लेक्सवरची मोनाली

"अवं, तू अठीच? फ्लेक्सवर तं तू कवाचीच कॅनडाले पोचली!"

काउंटरवर कोपर टेकवून अमर खदखदला. मोनालीनं कॉम्प्युटरवरून मान न उचलताच सांगितलं, "इमानाले उशीर होऊन राह्यला, दादा."

हे उत्तर आता तिच्या तोंडातून जांभईसारखं आपोआप निघायचं. अमर म्हणजे साहेबांचा कार्यकर्ता. महिन्यातून दोनदा कुणाचा ना कुणाचा वाढदिवस घेऊन या फ्लेक्सच्या दुकानात हजर!

तेवढ्यात बाहेर चौकात पीं-पीं-पीं झालं. मोनालीचे बाबा, गोविंदा. ते दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप चालवायचे, आणि चौकातल्या त्या फ्लेक्सखालून जाताना हॉर्न दिल्याशिवाय त्यांची जीप पुढं सरकत नसे. समोर गाय नाही, माणूस नाही, तरी हॉर्न! लेकीच्या चेहऱ्याला.

आणि फ्लेक्स तरी काय साधासुधा? इंद्रजीतभाऊंनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, स्वतः बसून केलेला. 'दारव्ह्याची लेक निघाली सातासमुद्रापार!' मध्ये मोनाली, तिच्या डोक्यावर विमान आणि मागं लंडनचं ते मोठ्ठं घड्याळ. ते घड्याळ कॅनडात नसतं हे मोनालीला ठाऊक होतं, पण भाऊंच्या कॉम्प्युटरवर 'फॉरेन' नावाचं एकच फोल्डर, आणि त्यात हेच एक घड्याळ. खाली शुभेच्छुक म्हणून जीप स्टँडवरचे झाडून सगळे ड्रायव्हर, गोल गोल फोटोंत, गॉगल लावून.

तिकडच्या विद्यापीठानं तिला मृदाशास्त्राच्या एम.एस्सी.ला घेतलं होतं, फीसुद्धा माफ केली होती. गेल्या सोमवारी व्हिसाचं उत्तर आलं. नाही. शिक्षण संपल्यावर अर्जदार आपल्या देशात परत जाईल अशी आमची खात्री पटलेली नाही.

आता बोला! जिला दारव्हा सुटत नव्हतं, तिच्याबद्दल त्यांना धास्ती, की ही परत दारव्ह्याला जाणारच नाही.

विद्यापीठाला मात्र याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या मेल येतच होत्या. जाड कोट आणा, बर्फात न घसरणारे बूट आणा. नव्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नायजेरियातल्या एका मुलीनं लिहिलं, माझाही नाकारला. कोलंबोच्या मुलानं रडका चेहरा टाकला. बाहेरून किती पोरं घ्यायची तो आकडाच त्या देशानं कमी केला होता म्हणे. मोनालीला वाटलं, यांचं बरंय. यांच्या चौकात फ्लेक्स नसणार.

कारण दारव्ह्यात लागलेला फ्लेक्स कुणी उतरवत नाही. तो वाऱ्यानं फाटतो, नाहीतर त्याच्यावर दुसरा चढतो. मधेच उतरवला, तर त्या घरात काहीतरी अभद्र घडलं असंच लोक धरून चालतात. म्हणून मोनाली मागच्या गल्लीनं कामाला यायला लागली. तर तिथंही स्टँडवरच्या भावसिंगकाकांनी तिला गाठलं.

"पोरी, तुह्यामुळं माहा फोटो जिंदगीत पहिल्यांदा फ्लेक्सवर आला! तुही बसंतीकाकू तं रोज पाहाले जाते. तुह्या जायच्या दिवशी स्टँडवरच्या साऱ्या जीपा नागपूरपावतर. समजलं?"

"हो काका," ती म्हणाली. हो काका! दुसरं काय म्हणणार होती?

"साहेबाचा वाढदिवस हाये," अमर आता कामावर आला. "मोठ्यातला मोठा फ्लेक्स. अन् जागा चौकातलीच पायजे."

"तठी मोनालीचा हाये," आतून इंद्रजीतभाऊ गरजले. "थे इमानात बसेपर्यंत ते जागा कोणाले भेटत नाही. पोरीच्या तोंडावर साहेबाचं तोंड ठेवतं काय बे?"

मोनालीचा माउसवरचा हात थांबला. भाऊ इतके चांगले नसते तर किती बरं झालं असतं. आता गप्प बसलं की आणखी महिनाभर ती वर हसत राहणार आणि खाली मागच्या गल्लीनं येत राहणार.

"लावा भाऊ," ती म्हणाली. "मी नाही चालली."

"म्हंजे?"

"व्हिसा नाही भेटला."

अमरनं काउंटरवरचं कोपर काढून घेतलं. "साहेबाचा... दुसरीकडं लावू ना आपण," तो हळूच म्हणाला.

"नाही. तठीच लावा. फक्त आधी मले स्टँडवर जाऊन येऊ द्या."

स्टँडवर गोविंदा जीपची काच पुसत होते. मोनालीनं उभ्या उभ्या एका दमात सगळं सांगून टाकलं. ते पुसलेली काच पुन्हा पुसू लागले.

"काहून नाही म्हणते थे लोक?"

"म्हणते, मी वापस येणार नाही."

गोविंदांचा हात थांबला. "अन् तू आली असती?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, तिनं स्वतःसुद्धा.

गोविंदांनी मान हलवली, जणू तिनं उत्तर दिलं होतं. "कधीपासून ठाऊक हाये तुले?"

"सोमवारपासून."

"अन् मी हॉर्न वाजवून राह्यलो," ते म्हणाले.

"गोविंदाभाऊ, निघता का उतरू आम्ही?" जीपमधून कुणीतरी ओरडलं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि ते स्टेअरिंगवर जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत मोनालीनं साहेबांना हार घातला, त्यांचे दात पांढरे केले, मागं वाघ उभा केला. फ्लेक्सची उंची मात्र तिनं जराशी कमी ठेवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सकाळी पोरांनी तो तिच्या चेहऱ्यावर ताणून बांधला तेव्हा विमान गेलं, घड्याळ गेलं, मोनाली गेली. खालचे गोल गोल ड्रायव्हर तेवढे गॉगल लावून जागच्या जागी राहिले. आता ते साहेबांना शुभेच्छा देत होते. बसंतीकाकू रस्त्यापलीकडे उभ्या राहून आपला नवरा बघत होत्या.

मोनाली दुकानात येऊन बसली. आज ती चौकातूनच आली होती.

बाबांची जीप निघायची वेळ झाली. ती चौकात आली, हळू झाली. समोर गाय नव्हती, माणूस नव्हता.

पीं-पीं-पीं.

मग ती यवतमाळच्या रस्त्याला लागली.