नकाराच्या कागदावरची सही

चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ताईला डुलकी लागत होती. नोकरी टांगणीला लागलेल्या माणसाला झोप येते कशी, असं कुणी विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, अठ्ठावीस वर्षं रुग्णवाहिकेत काढलेल्या बाईला पाठ टेकायला मिळाली की झोप येते. पुढे काय वाढून ठेवलंय, हे पाठीला कळत नाही.

शेजारी मामा बसला होता. तसा तो कुणाचाच मामा नव्हता. गाडी चालवायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा, म्हणून मामा.

"म्हातारपणी हात थरथरतो, सही वाकडी येते," तो म्हणाला. "एवढंच सांग, पुढे तोंड उघडू नकोस. मीही हेच सांगतो. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहेच."

"काका सही करताना तुम्ही बघितलंत?"

"मी स्ट्रेचर घेऊन जिना उतरत होतो. खाली तू कागद पुढे केलास, मी सही ठोकली. इतकी वर्षं काय वेगळं केलं आपण?"

ताईने पुन्हा डोळे मिटले.

दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या घरून बोलावणं आलं होतं. बदलीची बाई आली नव्हती, म्हणून ताईची ती लागोपाठ दुसरी पाळी. तिसरा मजला. काका खिडकीशी खुर्चीत, अंगावर शाल, समोर टेबलावर उघडलेली दोन घड्याळं. "चक्कर आली होती, गेली," म्हणाले. "हिला घाबरायची हौसच आहे." ताईने रक्तदाब पाहिला, साखर पाहिली. नाव, वार, पत्ता विचारला. काकांनी सगळं बिनचूक सांगितलं, वर तिच्या मनगटावरचं घड्याळ चार मिनिटं मागे असल्याचंही सांगितलं. दवाखान्यात चला म्हणून तिने तीनदा विनवलं, जिवाला धोका असू शकतो हेही सांगितलं. काका नाही म्हणाले. शुद्धीवर असलेल्या शहाण्यासुरत्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध उचलून नेता येत नाही. तसा कायदाच आहे, आणि तो बरोबरच आहे. काकू आत औषधांच्या चिठ्ठ्या शोधत होत्या, तेवढ्यात तिने नकाराचा कागद पुढे केला आणि काकांनी सही केली. त्या काळी ते कागद कार्बन लावून लिहायचे. वरचा दप्तरात जायचा, खालची निळसर प्रत घरी राहायची.

चौथ्या दिवशी काका गेले. मेंदूत रक्ताची गुठळी. महिन्याभराने आवराआवर करताना काकूंना ती प्रत सुट्या भागांच्या डब्याखाली सापडली, आणि त्यांनी लेखी तक्रार दिली: ही सही माझ्या यजमानांची नाही.

म्हणजे ताईने खोटी सही मारली. तिचा परवाना राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं.

आत टेबलापलीकडे तिघं होते. बोलत होते ते मधले, अध्यक्ष. काकू भिंतीलगत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. त्यांनी पिशवीतून काकांचं एक जुनं पत्र काढलं आणि त्या कागदाशेजारी ठेवलं.

"बघा. तबकडीवरचे आकडे असावेत तशी यांची सही. आणि ही? कोंबडीने पाय ओढल्यासारखी."

"वय झालं की हात थरथरतो," मामा हळूच म्हणाला.

"यांचा हात?" काकूंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत केसाएवढी स्प्रिंग बसवत होते हे."

ताईने दोन्ही सह्या पाहिल्या आणि तिची झोप उडाली. रक्तदाबासाठी पुढे केलेला डावा दंड. साखरेसाठी डावं बोट. पेनही डाव्याच हातात. उजवा हात सगळा वेळ शालीखाली. डावखुरे असतील, असं तिला वाटलं होतं. खरं तर काही वाटलंच नव्हतं, घरी जायचं होतं. दोन्ही हातांनी माझी बोटं दाबा, हे सांगायला दहा सेकंद लागत नाहीत. नव्याने आलेल्या मुलींना ती पहिल्याच दिवशी हे शिकवायची.

अध्यक्ष मऊ माणूस होते. "कागद मांडीवर ठेवून घाईत केली असेल, असं तुमचं म्हणणं आहे का?"

मामाने पायाने तिचा पाय दाबला. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही," ताई म्हणाली. "सही त्यांनीच केली. डाव्या हाताने."

"हे डावखुरे नव्हते," काकू म्हणाल्या.

"ते मला आत्ता कळतंय. त्यांचा उजवा हात चालत नव्हता. मी तो बघितलाच नाही. बघितला असता तर कागद काढलाच नसता. डॉक्टरांना फोन लावून दिला असता, तुम्हाला आतून हाक मारली असती."

मग मामाने घसा खाकरला. "साहेब, मी जिन्यात होतो. न बघता सही केलीय मी."

निकाल तासाभरात लागला. खोट्या सहीचा आरोप गेला. तपासणीतल्या हलगर्जीपणाबद्दल ताईला सहा महिने घरी बसवलं, मामाला एक.

ती पुन्हा त्याच बाकावर येऊन बसली. काकू बाहेर आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या. आता चार शब्द ऐकून घ्यायचे, म्हणून ताई खाली मान घालून बसली.

"म्हणजे यांना ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

"हो. लपवला त्यांनी हात."

"त्या संध्याकाळी चहा डाव्या हाताने घेतला. मी विचारलं. म्हणाले, उजव्याला सुट्टी दिलीय." त्यांनी पिशवीचे बंद सारखे केले. "मी हसले."

ताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"काकू, घरी सोडतो ना," मामा पलीकडून म्हणाला. "आजचा दिवस गाडी आहे माझ्याकडे."

"त्या गाडीत नको."

"मग मी येते थांब्यापर्यंत," ताई म्हणाली.

दोघी हळूहळू चालत गेल्या. थांब्यावर बसल्यावर काकूंनी तिचा हात धरून मनगट आपल्याकडे वळवलं.

"मागे आहे हे."

"चार मिनिटं. काकांनी सांगितलं होतं."

"मग लावून का घेतलं नाहीस?" काकू म्हणाल्या, आणि बस दिसली तशी पिशवी सावरून उठल्या.