शेवटचं दृश्य बाकी आहे

कलावंताचं आयुष्य ही एक अखंड तपश्चर्या असते. दिग्दर्शकाची तपश्चर्या रोज सकाळी अकराला सुरू व्हायची, कारण त्याआधी कलाकेंद्रातलं कॉफीचं मशीन तापत नसे.

त्याच्याकडे केंद्राचं ‘उदयोन्मुख’ कार्ड होतं. त्यावर कॉफी हवी तितकी, नवा सिनेमा जगाच्या एक दिवस आधी, नवं संगीत गादीवर आडवं पडून ऐकायची सोय, शिवाय खिडकीजवळची, पाठ मागे जाणारी खुर्ची. बदल्यात अटी दोनच. नव्या सिनेमाबद्दल उत्साह दाखवायचा, आणि स्वतःची एक कलाकृती चालू ठेवायची. ती पूर्ण झाली की माणूस ‘प्रस्थापित’ होई. त्याला प्रमाणपत्र मिळे आणि कार्ड परत घेतलं जाई.

उत्साहाच्या बाबतीत दिग्दर्शकाचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिनेमा कसाही असो, दिवे लागायच्या आत हा उभा राहून टाळ्या पिटत असे. आग लागल्यास बाहेर कसं पडावं, याची माहिती देणाऱ्या फितीलाही त्याने एकदा उभं राहून दाद दिली होती.

दुसरी अट तो नऊ वर्षं इमानेइतबारे पाळत होता. त्याचा सिनेमा सगळा झाला होता, फक्त शेवटचं दृश्य बाकी होतं. एक बाई दार उघडते, बस. त्यासाठी त्याने सुताराकडून चौकटीसकट दार करून घेतलं होतं आणि ते ताईच्या हॉलच्या मधोमध उभं केलं होतं. राहायलाही तो ताईकडेच होता. दार शेवटी उघडायचं असल्यामुळे आधी कुणी उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. सोफ्यावरून स्वयंपाकघरात जायला सगळे त्याला वळसा घालत. भावोजींनी तर एकदा तंद्रीत त्यावर टकटकही केलं होतं.

गंमत म्हणजे त्याच घरात बाथरूमच्या दाराला कडी लागत नव्हती. आत असलेल्याने गात राहायचं, असा घरचा नियम होता. भावोजींना एकच गाणं येई, आणि त्यातल्याही दोनच ओळी.

“कधी उघडणार आहेस रे हे?” ताई विचारी. ती चष्म्याच्या दुकानात होती आणि दिवसभर लोकांना ‘आता दिसतं का?’ विचारून घरी आली, की समोर हे दार.

“ताई, प्रकाश जुळून यावा लागतो.”

“अरे, ट्यूबलाइट आहे की!”

“आतला प्रकाश म्हणतोय मी.”

“फ्रिजमधला?”

यावर दिग्दर्शक कॉफी प्यायला निघून जाई.

त्याच्या अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला ताईनेच मनावर घेतलं. तिने फोन फ्रिजवर उभा केला, दार उघडलं, पलीकडे पाहिलं, दार लावलं. अठरा सेकंद. भाचीने ते मामाच्या सिनेमाला जोडलं आणि सगळा सिनेमा केंद्राकडे पाठवूनही दिला.

“घे, वाढदिवसाची भेट. झाला तुझा सिनेमा पूर्ण!” ताई म्हणाली.

दिग्दर्शक मटकन खाली बसला. ताईला वाटलं, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फळ्यावर सूचना लागली होती : नवा सिनेमा, चार वाजता. खाली त्याचं नाव. तो तडक सवलती सांभाळणाऱ्या मॅडमकडे गेला.

“मॅडम, तो सिनेमा अपूर्ण आहे.”

“शेवटी दार उघडतं ना?”

“उघडतं, पण मनापासून नाही उघडत.”

“ते प्रेक्षक ठरवतील. टाळ्या पडल्या तर पूर्ण, नाही पडल्या तर चालू. नियम आहे.”

दिग्दर्शकाच्या जिवात जीव आला. सिनेमा किती वाईट आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी धोका नको म्हणून तो पावणेचारला खुर्च्याखुर्च्यांतून फिरला आणि सगळ्यांना हात जोडून टाळी न वाजवण्याची विनंती केली. एक चाल सहा वर्षं रचणारा संगीतकार सगळ्यात समजूतदार निघाला. खिडकीच्या खुर्चीसाठी पुढचा नंबर त्याचा होता, तरीही.

“तू काळजीच करू नकोस,” तो म्हणाला. “उद्या माझ्या चालीवर हीच वेळ येणार. हे बघ, हात खिशात.”

सिनेमा सुरू झाला. कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं. दिग्दर्शक खूश होता. मग पडद्यावर ताई आली. तिने दार उघडलं. पलीकडे भावोजी वर्तमानपत्र वाचत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “लाव ते. वारा येतो.” ताईने दार लावलं.

संपलं. अंधारात चिटपाखरूही हललं नाही. एक सेकंद. दोन सेकंद. आणि दिवे लागायच्या आत नऊ वर्षांच्या सवयीने दिग्दर्शक उभा राहिला आणि कडाडून टाळ्या वाजवू लागला.

चौथ्या टाळीला त्याच्या लक्षात आलं. तोवर अट क्रमांक एक सगळ्यांना आठवली होती आणि अख्खं सभागृह उभं होतं.

“मी हात खिशातच ठेवले होते, बरं का,” बाहेर आल्यावर संगीतकार म्हणाला. मग तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि त्याने पाठ मागे नेऊन पाहिली.

मॅडमनी कात्रीने कार्डाचा कोपरा कापला आणि प्रमाणपत्र हातात दिलं. “अभिनंदन. आता तुम्ही प्रस्थापित.”

“जाता जाता एक कॉफी?”

“कार्ड आहे?”

दिग्दर्शक घरी आला. हॉलमध्ये शिरला आणि सवयीने वळसा घालून सोफ्यापाशी पोचला. मग त्याने मागे वळून पाहिलं. मधोमध काहीच नव्हतं.

“ताई, दार कुठंय?”

“बाथरूमला बसवलं सकाळी. तुझाच सुतार आला होता. जरासुद्धा तासावं लागलं नाही, माप बरोब्बर.”

तो आत गेला, दार लावलं आणि नळ सोडून आरशासमोर उभा राहिला. थोड्या वेळाने भावोजींच्याच दोन ओळी त्याच्या तोंडून यायला लागल्या.

“गायची गरज नाही आता!” ताई बाहेरून ओरडली.

त्याने पाहिलं. कडी लागली होती.