पुलाखाली

नारिंगी लोकरीचा तो तुकडा — बोटाच्या पेराएवढा, आल्डरच्या फांदीला अडकलेला, ओला. एयनारने तो काढला नाही. गुडघाभर पाण्यात तो नुसता बघत उभा राहिला. गळाला लोकर बांधणारे बांधतात, पाण्यात ती गाभोळीसारखी, माशाच्या अंड्यांसारखी दिसते. पण एयनार खरी गाभोळीच लावतो, आयुष्यभर लावत आलाय. म्हणजे इथं कुणीतरी येऊन गेलं होतं... इथं!

चार हिवाळे ओढा पालथा घालून त्याने ही जागा हुडकली होती. गोट्यांवरून खळखळत आलेलं पाणी आडव्या पडलेल्या देवदाराखाली एकदम गप्प होतं, ऑक्टोबरात सॅमन तिथं अंडी घालायला येतात, आणि त्यांच्या मागे, वाहून येणाऱ्या अंड्यांसाठी टपलेले ट्राउट. गाडी मैलभर अलीकडे पुलापाशी लावायची, जंगलातून चालत यायचं, आणि परतताना चिखलातल्या आपल्याच पावलांवरून फांदी फिरवायची. गावात सगळेच असं करतात. इथला माणूस एक वेळ दारूची बाटली कुठं लपवली ते सांगेल, पण ओढ्यावरची जागा नाही.

काठावरच्या निळसर चिकणमातीत बुटाचा एकच ठसा होता. लहान वाटला — पण कडा पाण्याने खाल्ल्या की ठसा लहानच दिसणार, त्याने स्वतःला समजावलं.

वेंडेल. दुसरं कोण? चाळीस वर्षांची दोस्ती, आणि डोक्यावर कायम ती टोपी... नारिंगी. गेल्या नाताळात लोर्नाने विणून दिलेली. माझ्या बायकोने, माझ्या दोस्ताला. तेव्हा मी हसलो होतो. आज त्याला ते हसणं आठवून स्वतःचाच राग आला, आणि त्या दिवशी त्याच्या गळाला काहीच लागलं नाही.

दुपारी खानावळीत वेंडेल नेहमीच्या स्टुलावर बसला होता. ऑपरेशन झालेला गुडघा लांब सोडलेला, काठी भिंतीला टेकवलेली.

“काय मग, कुठं होतास?”

“पुलाखाली.”

“झालं! अरे, त्या पुलाखाली तू एवढे मासे मारलेस, की सरकारने तिथं तुझा पुतळा उभारायला हवा.”

“आणि तू? तू कुठं होतास सकाळी?”

“मी? बाबा रे, मला संडासापर्यंत जायला अर्धा तास लागतो.”

सगळे हसले. एयनार त्याच्या टोपीकडे बघत होता. कुठंही उसवलेली नव्हती. मग काठीकडे... खरंच दुखतो का गुडघा? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण या गड्याच्या चेहऱ्यावर ना चांदणं, ना काळोख. सरळ विचारावं का? विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर चाळीस वर्षं गेली. हो म्हणाला, तरी गेलीच. कॉफी अर्धी टाकून तो उठला.

“अरे, झालं काय तुला?” वेंडेल मागून म्हणाला. त्या आवाजातली काळजीही एयनारला बनावट वाटली.

घराच्या पायरीवर लोर्नाचे रबरी बूट पालथे घातले होते. तो ओलांडून आत जाणार, तोच थांबला. तळांना माती होती. निळसर, चिकट. तशी माती पुलापाशी नाही, गावात कुठंच नाही.

आत ती मोरीपाशी ट्राउट साफ करत होती. दोन होते, हातभर लांबीचे. खुर्चीवर विणकामाची टोपली, आणि टोपलीत नारिंगी लोकरीचा गुंडा.

म्हणजे वेंडेल नव्हे. त्याला हायसं वाटायला हवं होतं... वाटलं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, मला ने ना एकदा. आणि मी म्हणालो होतो, शेवाळ आहे, घसरशील. त्यानंतर तिने एकतीस वर्षांत पुन्हा विचारलं नाही. पण तिने चिखल बघितला असणार. जंगलातला चिखल असा झाडल्यासारखा कुठं असतो? आपण दर खेपेला खुणा पुसत गेलो, आणि पुसलेली ती पट्टी पुलापासून थेट देवदारापर्यंत... वाट आपणच झाडून दिली होती. कधीपासून जाते ही? एकटीच जाते?

“आज काही मिळालं?” तिने मान वर न करता विचारलं.

“नाही. तू... हे कुठं धरलेस?”

लोर्नाने पोटातली गाभोळी अलगद काढून वाटीत ठेवली. हात धुतले. पुसले.

“पुलाखाली,” ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. तिच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. हा शब्द त्याने या घरात एकतीस वर्षं याच आवाजात टाकला होता, आणि दर वेळी तिने अशीच मान डोलावली होती. ती रोज हेच गिळत होती. तो खुर्ची ओढून बसला. पुढचा प्रश्न, एकटीच जातेस का, हा विचारायचा त्याला काय हक्क होता, हे त्याला कळेना. तव्यावर लोणी टाकल्याचा आवाज आला, आणि आपल्याला भीती वाटतेय, हे त्याच्या लक्षात आलं.