चिंतामणी की रामा

हमिदाने दोन्ही मोबाईल दुकानाच्या पायरीवर शेजारी शेजारी ठेवले, मधे ब्लाऊजच्या कापडाचा एक तुकडा अंथरला आणि कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून त्या तिन्ही वस्तूंकडे बघत राहिली.

“अम्मी, लोक बघतायत,” आतून तिची सून अर्शी म्हणाली.

“बघू दे की. नुसतं बघू नका, आत येऊन काहीतरी घ्या म्हनावं.”

डावीकडचा मोबाईल तिचा स्वतःचा होता, कोपऱ्यात तडा गेलेला, पाठीवर पिवळं पडलेलं कव्हर. उजवीकडचा नवाकोरा होता, तिच्या बहिणीच्या मुलाचा. परवेझचं नगरला मोबाईलचं दुकान होतं. कंपनीने नवं मॉडेल बाजारात आणलं की तो आधी स्वतः वापरायचा आणि मग नातेवाइकांच्या मागे लागायचा. सकाळी भिंगारला येऊन तो फोन मावशीच्या हातात देऊन गेला होता.

“दिवसभर वापरा, खाला. संध्याकाळी सांगा, घ्यायचा का न्हाई.”

“ते कॅमेऱ्याचे आकडे मला सांगू नको. रंग खरा दाखवतो का, तेवढं बोल.”

“खऱ्यापेक्षा भारी दाखवतो!”

“मग काय कामाचा?”

परवेझने हात टेकले होते. मग स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने काहीतरी खालीवर केलं आणि आता आहे तसाच दिसेल, जास्त नाही, कमी नाही, अशी अल्लाची शपथ घेऊन सांगितलं.

हमिदाला फोनची हौस नव्हती. तिला धंद्याची काळजी होती. तिचं मॅचिंग सेंटर म्हणजे भिंगारच्या बाजारातली एक अरुंद, लांबट खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कापडाचे तागे, आणि भर दुपारीही आत ट्यूबलाइट लावावी लागायची. ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नाही, हा तिथला नियम. गिऱ्हाइकाने साडी आणली की हमिदा तागा खांद्यावर टाकून बाहेर यायची, “चला, पायरीवर चला,” म्हणायची, आणि उन्हात साडीचा पदर नि कापड एकमेकांना लावून डावा डोळा मिटायची. एकाच डोळ्याने रंग नीट पारखता येतो, हे तिला सासूने शिकवलं होतं. सगळ्या भिंगारला ती लकब माहीत होती. बायका आपसात तिची नक्कल करायच्या, आणि मॅचिंगसाठी मात्र तिच्याच पायरीवर यायच्या.

लष्करातल्या माणसांच्या बायकाही यायच्या. नवऱ्याची बदली झाली की त्या जायच्या जोधपूरला नाहीतर आसामला, पण हमिदाभाभीला सोडायच्या नाहीत. तिकडून साडीचा फोटो पाठवायच्या, ही फोटोवरून कापड निवडायची, अर्शी त्याची घडी घालून पाकीट बंद करायची आणि कुरियरवाल्याच्या हातात द्यायची. इतकी वर्षं एक तक्रार नव्हती.

आणि या महिन्यात पाकिटं परत यायला लागली. ‘भाभी, रंग जमला नाही.’ ‘भाभी, मी निळा म्हटलं होतं, हा तर हिरव्यावर गेलाय.’ बायका गोड बोलायच्या, म्हणून ते जास्तच लागायचं. हमिदाच्या डोक्यात कारण पक्कं होतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून अर्शी महिनाभर कोल्हारला माहेरी गेली होती, तेव्हा फोनचं सगळं हमिदालाच बघावं लागलं, आणि त्या धांदलीत तो एकदा पायरीवरून खाली आपटला. तेव्हापासून हे सुरू झालं होतं.

“त्याचे डोळे गेलेत,” ती फोनबद्दल म्हणायची.

गंमत म्हणजे अर्शीला नवा फोन नको होता. कोल्हारहून येऊन तिला आठवडा झाला होता, आणि विषय निघाला की ती काहीतरी कामाला लागायची. ‘आहे तो चांगला आहे, अम्मी.’ ‘कशाला उगीच?’ हमिदाला याचं मोठं नवल वाटत होतं. बाजारातल्या सगळ्या सुना नव्या फोनसाठी नवऱ्याशी अबोला धरतात, आणि हिला दारात आलेला फोन नको! कुठे काही बिनसलंय का हिचं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

आज फोनची परीक्षा घ्यायला कारणही तसंच होतं. पंकजाचा फोटो आला होता. पंकजा तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, आता जबलपूरला. धाकट्या भावाचं लग्न होतं आणि ती आईची चिंतामणी रंगाची पैठणी नेसणार होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. ‘भाभी, मूळ ब्लाऊज विरला. तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही,’ असं तिने लिहिलं होतं. हमिदाने ते अर्शीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं होतं. हे पाकीट परत आलं तर आपण दुकानाला कुलूप लावलेलं बरं, असं तिला खरोखरच वाटत होतं.

“तो फोटो ह्याच्यावर टाक गं.”

अर्शीने फोटो परवेझच्या फोनवर पाठवला आणि ती दारातच थांबली. हमिदाने नव्या स्क्रीनवरची पैठणी बघितली, डावा डोळा मिटून पुन्हा बघितली, आत जाऊन निळ्याच्या फळीवरचे तागे खालीवर केले आणि एक काढून आणला. पायरीवर बसून त्याचं टोक तिने स्क्रीनला लावलं. तिचा चेहरा उजळला.

“बघ! याला म्हनत्यात फोन. जराही फरक न्हाई. आता तरी पटलं?”

अर्शी ताग्याकडे बघत राहिली.

“अगं, बोल की. जमलंय ना?”

“अम्मी,” अर्शी हळू म्हणाली, “ती साडी चिंतामणी आहे.”

“मग हे काय हाय?”

“हा रामा आहे.”

चिंतामणी म्हणजे चकचकीत गडद निळा. रामा म्हणजे निळा आणि हिरवा यांच्या मधला, पाण्यात शेवाळ असल्यासारखा. आठवडाभर दुकानात बसलेल्या पोरालाही कळावा असा फरक. हमिदा हसलीच.

“मला शिकवती व्हय? म्हंजे ह्योबी फोन रंग बदलतोय. परवेझ्या लई शपथा घेत हुता!”

तिने जुना फोन उचलला. त्यावर तोच फोटो उघडून दोन्ही फोन शेजारी धरले आणि अर्शीपुढे केले. “नीट सांग. कुठल्यात निळं दिसतंय?”

“दोन्हीत.”

“जुन्यातबी?”

“दोन्हीत सारखंच दिसतंय, अम्मी.”

रस्त्यावरून एक टेम्पो धूळ उडवत गेला. हमिदाच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला. ती चडफडत फोन खाली ठेवून पदराने डोळा चोळायला लागली, आणि चोळता चोळता डाव्या डोळ्याने मांडीवरच्या ताग्याकडे तिचं लक्ष गेलं.

तागा हिरवट होता.

तिने पदर बाजूला केला, सवयीने डावा डोळा मिटला. तागा पैठणीच्याच रंगाचा. डावा उघडला, उजव्यावर तळहात ठेवला. तागा हिरवट, आणि स्क्रीनवरची पैठणी मात्र निळी. हात काढून पुन्हा डावा मिटला. दोन्ही एकच, दोन्ही मळकट, चहाच्या चोथ्याचं पाणी वरून ओतावं तसे. ती एकदा हा, एकदा तो, असे डोळे झाकत बसली. आधी नुसतं कुतूहल होतं. लहान मुलाला नवा खेळ सापडावा तसं तिने समोरच्या दुकानाच्या पाटीकडे, मग आभाळाकडे, मग स्वतःच्या पांढऱ्या पदराकडे बघितलं. उजव्या डोळ्याला तो पदर पांढरा नव्हताच. बदामी होता. डाव्याचंही काही फार खरं नव्हतं, पण निदान पांढऱ्याला तो पांढरं म्हणत होता.

मग तिचा हात थांबला. ज्या डोळ्यावर सगळं घर उभं केलं, तोच डोळा तिला फसवत होता, आणि ती रोज दुसरा मिटून त्याचंच ऐकत होती.

तिने विचारलं, “अर्शी, तू कोल्हारला हुतीस, तेवढ्याच दिवसांतली पाकिटं परत आली न्हाई का?”

अर्शीने मान खाली घातली.

“त्याच्या आधी एकबी आलं न्हाई.”

“नाही.”

“पाकीट तू बंद करायचीस.”

अर्शी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. या पोरीने कधीपासून हे चालवलं होतं, कोण जाणे. सासूने काढलेला तुकडा आत नेऊन गुपचूप फळीवर ठेवायचा, दुसरा कापायचा, घडी घालायची, आणि कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. गिऱ्हाइकं तिकडून ‘भाभी, तुमची नजर म्हणजे नजर’ असं लिहायची, आणि ते वाचूनही तीच दाखवायची, हसत हसत.

हमिदाला राग यायला हवा होता. आलाही, क्षणभर. मग तो कुठे गेला ते तिलाच कळलं नाही, आणि डोळे भरून आले. ते पुसायला तिने पदर लावला, पण यावेळी रंग बघितला नाही.

संध्याकाळी परवेझ मोटारसायकलवरून उतरला तोच बोलत. “काय मग, खाला? बिल करू ना?”

“फोन लई चांगला हाय तुझा.” हमिदाने नवा मोबाईल स्वतःच्या पदराने पुसून त्याच्या हातात दिला. “कायबी दोष न्हाई त्याच्यात.”

“मग?”

“माझ्या फोनमधीबी न्हाई.” तिने जुना मोबाईल कमरेला खोचला. “उद्या सकाळी गाडी घेऊन ये. मला नगरला डोळ्याच्या दवाखान्यात जायचंय.”

परवेझ कधी तिच्याकडे, कधी अर्शीकडे बघत राहिला. त्याला काही विचारायचं होतं, पण तेवढ्यात मागच्या गल्लीतली ज्योती पिशवीतून साडी काढतच पायरीशी आली.

“भाभी, ही वांगी रंगाची. आज सुटका करा बाई, उद्या शिंप्याकडे टाकायचीय.”

हमिदा आत गेली. जांभळ्याच्या फळीवरून तिने एक तागा काढला, खांद्यावर टाकला आणि नेहमीसारखी बाहेर येऊन पायरीवर बसली. ऊन उतरलं होतं, तरी रंग बघण्याइतकं होतं. तिने ज्योतीच्या साडीचा पदर घेतला, कापड त्याला लावलं. तिचा डावा डोळा आपसूक मिटायला लागला. तिने तो उघडा ठेवला.

“अर्शी, बाहेर ये.”

अर्शी उंबऱ्यापर्यंत आली.

“तिथं न्हाई. हितं, उजेडात.” हमिदाने सरकून पायरीवर तिला जागा केली आणि कापड नि पदर दोन्ही तिच्या मांडीवर ठेवले. “बघ, आन् सांग. इथून पुढं आत जाऊन पाकिटात सांगायचं न्हाई. माझ्यासमोर सांगायचं. मोठ्यानं.”

ज्योतीला काही कळलं नाही. ती साडीची किनार नीट करत उभी राहिली. अर्शीने सासूच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खाली कापडाकडे. मांडीवर ते ती उगीचच नीट करत राहिली. मग तिने घसा खाकरला.

“जरा अजून लालसर पाहिजे, अम्मी.”

“हां,” हमिदा म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून दुसरा तागा आणायला उठली.