सगळ्यात ढिला एजंट

घर विकायचं ठरलं तेव्हा मी ‘हो’ म्हटलं होतं. माझे यजमान श्रीपाद गेल्यापासून मी सगळ्यालाच हो म्हणत होते. चहा टाकू? हो. पंखा बंद करू? हो. आतून काही वाटतच नव्हतं, तर भांडायचं कशासाठी? एकेकाळी माझ्या तोंडाला शाळेतले हेडमास्तरसुद्धा टरकून असायचे, हे सांगितलं तर आता कोणाला पटणार नाही.

माझा मुलगा साकेत ठाण्याला एका उंच टॉवरमध्ये राहतो. “आई, तू इथे डोंबिवलीत एकटी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमच्याकडे ये, तुझी खोली तयार आहे,” तो म्हणाला. सून वल्लरीनंही आग्रह केला आणि तो तोंडदेखला नव्हता. इतक्या चांगल्या माणसांना नाही म्हणायला सबळ कारण लागतं. मला या घरातून हलायचं नव्हतं, एवढंच. ते काही कारण झालं नाही.

एजंट निवडायचं काम साकेतनं माझ्यावरच सोपवलं. दुःखातल्या बाईला कशात तरी गुंतवावं असं त्यानं कुठेतरी वाचलं असावं. मी तिघांना बोलावलं.

पहिला देवेश, ठाण्याहून आला. बूट काढताना एका पायावर नाचला, पण फोनवरचं बोलणं काही थांबलं नाही. घरभर फिरून त्यानं व्हिडिओ काढला, त्यासाठी लोणच्याच्या बरण्या हलवायला लावल्या आणि म्हणाला, “मॅम, पंधरा दिवसांत उडवतो तुमचा फ्लॅट.” उडवतो, म्हणे. पतंग आहे का?

दुसरी करिश्मा, इथलीच. श्रीपादच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून तिनं आवाज खाली आणला. “काकू, गिऱ्हाईक येईल तेवढ्यापुरता फोटो आत ठेवूया का? लोकांना उगाच कसंतरी होतं.” मुलगी वाईट नव्हती आणि म्हणत होती तेही बरोबरच होतं. तिचा फोन सारखा वाजत होता. ही महिन्याभरात घर विकून मोकळी होणार, हे मला तिथेच दिसलं.

तिसरा शिवराम. त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर आधी लॅमिनेशन, मग पासपोर्ट फोटो आणि शेवटी बारीक अक्षरांत ‘जागा खरेदी-विक्री’. तो उशिरा आला, जिने चढून दमला, पाणी प्यायला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली. जागा झाल्यावर म्हणाला, “घर छान आहे.” बेडरूम त्यानं पाहिलीही नव्हती.

“विकायला किती दिवस लागतील?” मी विचारलं.

“काय सांगू काकू. मागे एक फ्लॅट घेतलेला विकायला, मालकीण अजून तिथेच राहते.”

मी त्याला तिथल्या तिथे पक्का केला.

“माणूस सज्जन वाटला,” असं साकेतला फोनवर सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. ऊठ दुपारी आणि घे सुपारी अशा माणसाच्या हाती घर दिलं की वर्ष-दोन वर्षं कोणी फिरकणार नाही, असा माझा अंदाज होता. म्हणजे नाही म्हणायला नको आणि जायलाही नको. या युक्तीचा मला आनंद झाला असं मात्र नाही. दूधवाल्याला उद्यापासून एक पिशवी कमी टाक म्हणून सांगावं, तसं वाटलं.

दिवाळी आली नि गेली. कोणी आलं नाही. मग एका रविवारी शिवरामचा फोन. “काकू, दुकानात फॉर्म भरणाऱ्या मुलांची गर्दी आहे. नवरा-बायको येतायत बघायला, तुम्हीच दाखवा ना.”

सुदेश आणि योगिनी. पार लांब खडवलीला भाड्यानं राहत होते, सुदेश इथे एमआयडीसीत कामाला. यांना आपणच परत पाठवायचं असं मी ठरवलं. जन्मभर वह्या तपासलेल्या बाईला चुका काढायला शिकवावं लागत नाही.

“हॉल पश्चिमेला आहे. दुपारचं ऊन भाजून काढतं,” मी म्हटलं.

“मग तुम्ही कुठे बसता?” योगिनीनं विचारलं.

“स्वयंपाकघरात, खाली. लादी गार असते तिथली. आम्ही दोघं तिथेच बसून भाजी निवडायचो.” एवढं सांगायची गरज नव्हती. “पाणी पहाटे येतं. हे उठायचे भरायला. मी उठू नये म्हणून रेडिओ अगदी बारीक लावायचे. मी जागीच असायची.”

योगिनी माझ्याकडे बघत राहिली. मी घाईनं पुढचा दोष काढला. “रात्री कधी कधी केमिकल कंपन्यांचा वास येतो.”

“काकू, तो वास मी रोज अंगावर घेऊनच घरी जातो,” सुदेश म्हणाला.

मग बेडरूमचं पावसाळ्यात फुगणारं दार झालं. त्यानं एकदा श्रीपादच्या मामांना आत अडकवून ठेवलं होतं तेही सांगून झालं. ते दोघं हसले. मीही हसले. चहा केला, गाळणं कुठे, साखर कुठे, कुठला बर्नर नीट पेटत नाही, सगळं बोलत बसले. इतक्या महिन्यांत मी कुणाशी एवढं बोलले नव्हते. बरं वाटत होतं मला.

तेवढ्यात योगिनी ओट्यापाशी खाली लादीवर बसली. हात टेकून म्हणाली, “खरंच गार आहे रे. ये ना, बस.” तोही बसला. तेव्हा मला कळून चुकलं.

संध्याकाळी शिवरामचा फोन. “काकू, घेतायत ते! मी तर काहीच केलं नाही.” करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

टोकनचे पैसे घ्यायच्या दिवशी साकेत आणि वल्लरी पेढे घेऊन आले. सुदेश-योगिनी आले, शिवरामही वेळेवर आला, चक्क जागा. सही करायच्या आधी साकेतनं माझा हात धरला. “आई, नक्की ना?”

“हो,” मी म्हटलं. श्रीपाद गेले तेव्हाही मी रडले नव्हते. आता सगळ्यांसमोर, मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडायला लागले. मला श्रीपाद हवे होते. दुसरं काही नको होतं.

साकेत घाबरला. “नको विकूया. आई, राहू दे. राहा तू इथेच.”

हेच ऐकायला तर मी इतके महिने शिवरामला धरून होते. पण योगिनी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहा तिनेच केला होता, मला काही न विचारता. साकेतचं बोलणं तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. घर जातं तेव्हा माणूस कसं दिसतं, ते मी पाहिलं.

मी पदरानं डोळे पुसले आणि शिवरामकडे पेन मागितलं.