बाकी दोनशे बारा

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने मामाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते एकही दिवस चाललं नाही. पण त्याच्या पाठीवर नंबर होता, ४५४६८१०७९. मामाला संशय आला की ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्याही बापाने भाग न जाणारी. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. संशय आला की मोजल्याशिवाय सोडायचा नाही.

मग रोज चहानंतर एक मूळ संख्या घेऊन भागाकार, आणि उरलेली बाकी वहीत. २१३२३ पर्यंत, म्हणजे त्या नंबरच्या वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे, पुढे तपासायची गरज नाही. साडेसहा वर्षांचं काम.

“लोक निवृत्त होऊन फिरायला जातात,” मामी म्हणायची, “आमचे हे भागायला बसतात.”

सुरुवातीलाच मामाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाचन बंद. “तू करशील ना रे?” मी सतरा वर्षांचा होतो. करतो म्हणालो, आठही बाक्या मनाने लिहिल्या आणि पिक्चरला गेलो. ७४३ पुढे २१२ लिहिलं, कारण २१२ चेहऱ्याने प्रामाणिक वाटतं. बरा झाल्यावर मामाने खाली लिहिलं, ‘ही आठ भाच्याने केली. अक्षर सुंदर.’

गेल्या मंगळवारी बसची वाट बघताना सहज तो नंबर मोबाइलमध्ये घातला. एका सेकंदात उत्तर आलं: ७४३ गुणिले ६११९५३.

बस आली, गेली. मी उभाच.

रविवारी मामाने शेवटचा भागाकार केला. “बाकी दहा हजार सातशे पन्नास! संपलं!” पाच वाजता कारखान्यातले चार जुने मित्र येणार होते. “सांगतो त्यांना, माझं घड्याळ चालत नाही, पण त्याचा नंबर फुटतही नाही.”

मामी कप पुसत होती. मला त्या कपांकडेही बघवेना.

“मामा, सातशे त्रेचाळीस परत कर.”

“का रे?”

“मी केलंच नव्हतं.”

त्याने पेन्सिल घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, गणित चुकावं. बाकी शून्य. त्याने पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

“आणि उरलेली सात?”

“तीही नाही.”

“अहो, पाच वाजता ते चौघं...” मामी म्हणाली.

“येऊ देत. सांगू, फुटला.” मग पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. “सातशे एकोणीसपासून. बस.”

मी सातही केले. मामाने प्रत्येक तपासला. मग २१२ वर रेघ मारून शून्य लिहिलं, आणि नवीन पान उघडून वर ६११९५३ मांडलं. “हा तरी टिकतो का बघू.”

“मामा, ते खालचं वाक्य पण खोड ना.”

त्याने चष्मा वर केला, वाक्य वाचलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “अक्षर सुंदरच आहे.”