विलायतेसाठी विणलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. माझी लोकर काळी, मधे एक तपकिरी पट्टा, आणि कडेला कसरीने पाडलेली भोकं. मला पाहून कुणालाही वाटेल की कुण्या मेंढक्याने मला उन्हापावसात वापरून टाकलं असेल. पण मी मेंढरांमागे फिरण्यासाठी विणलेली नव्हते. मी विलायतेला जाणार होते.

त्या वेळी आमच्या बीड जिल्ह्यावर निजामसरकारचं राज्य होतं. मांजरसुंब्याच्या डोंगरात आश्रुबा आणि कडूबाई मेंढरं राखत. त्यांना एकच मुलगा, शहादेव. तो लहान असताना त्यांच्या कळपावर देवीची साथ आली. मेंढरांच्या तोंडावर फोड उठले, डोळे चिकटले, आणि बघता बघता अर्धा कळप गेला. शहादेव मेलेल्या कोकरांशेजारी बसून राही आणि बापाला विचारी, "आबा, याला औषध कावून न्हाई?" 

तो प्रश्न घेऊनच शहादेव शाळेत गेला. बीडला सुंदरराव वकिलांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे तो हैदराबादेच्या कॉलेजात शिकला. तिथल्या एका प्राध्यापकाने त्याला सांगितलं की स्कॉटलंडात जनावरांचे डॉक्टर तयार करणारं कॉलेज आहे, आणि हुशार मुलांना सरकार वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, देऊन तिकडे पाठवतं. पहिल्या महायुद्धाची मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि जहाजं पुन्हा सुरू झाली होती.

शहादेवचा अर्ज आणि माझा जन्म एकाच अंगणात झाला. सुंदरराव शहादेवला आणि कागद घेऊन वाडीवर आले, तेव्हा कडूबाई चातीवर माझी लोकर कातत होती.

"आधी कॉलेजचा अर्ज, तो इंग्रजीत," सुंदरराव सांगत होते. "तिथून होकार आला की वजीफ्याचा, तो उर्दूत. मग जहाज. एक अडलं की पुढचं सगळं अडतं. बरं, शहादेवची जन्मतारीख काय?"

कडूबाईची चाती थांबली. "तारीख ठावं न्हाई बगा. हुरड्याचे दिस होते. काळ्या मेंढीला जुळी झाली, त्याच्या दुसऱ्या दिशी ह्यो झाला."

सुंदरराव हसले नाहीत. त्यांनी पंचांग काढलं, साल धरलं आणि पौषातला एक दिवस ठरवला. मग म्हणाले, "वडिलांचा धंदा? शेती लिहू का? जरा बरं दिसेल."

आश्रुबा पागोटं सावरत म्हणाला, "मेंढरं राखतो, आसंच लिवा. मेंढराचंच शिकाया चाललाय नव्हं त्यो?"

"आणि शिकायचंय कशासाठी, ते त्याने स्वतः लिहायचंय," सुंदरराव म्हणाले.

शहादेवने ते तिथेच लिहिलं. लिहिलेलं मराठीत वाचून दाखवलं. त्यात त्या मेलेल्या कोकरांची हकीकत होती. ऐकताना कडूबाईने पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, ती रडते आहे. पण ती खोकला दाबत होती. तिच्या हातातल्या सुताला तेवढं कळलं, कारण ते थरथरलं.

अर्ज गेला. मी उमापूरला सटवा विणकराकडे गेले. त्याने मला मागावर चढवलं आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं. "विलायतेला जानार हाय ही," कडूबाईने त्याला बजावलं होतं, "तिकडं बर्फ पडतंय म्हनं. दाट विन बाबा." मला पाहून वाडीतल्या बायका म्हणाल्या, "लई झकास झालीया." मित्रांनो, तेवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी कॉलेजचा होकार आला. पाठोपाठ वजीफाही मंजूर झाला. परत येऊन सरकारी नोकरी करीन, असं शहादेवने लिहून दिलं. निघायचा दिवस ठरला. वाडीपुढे जालन्याला जाणारी बैलगाडी उभी राहिली. जालन्याहून आगगाडी आणि मुंबईहून जहाज.

त्या सकाळी कडूबाई बोचकं बांधत होती. तिने मला घडी घालून वर ठेवलं आणि तिला अशी उबळ आली की ती खालीच बसली. शहादेवने तिच्या कपाळाला हात लावला.

"माय, तुला तर ताप हाय! कवापासून?"

"आजच आलाय."

"खोटं नको बोलू."

 शहादेव निरोपाला आलेल्या सुंदररावांकडे वळला. "वकीलसाहेब, पुढच्या साली जातो असं कळवता येईल का?"

सुंदरराव खाली बघत म्हणाले, "कॉलेज कदाचित थांबेल. वजीफा थांबणार नाही. तो दुसऱ्याला जाईल."

"जाऊ द्या मग."

कडूबाई भिंतीला धरून उठली. "शादेवा, मला बगाया तुझा बाप हाय. मेंढरांकडं बगाया कोन हाय? बस गाडीत."

शहादेवने मला बोचक्यातून काढलं आणि तिच्या खांद्यांवर पांघरलं. तिने मला ओढून पुन्हा बोचक्यात कोंबलं. त्याने पुन्हा काढलं.  शेवटी तिनेच मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "बरं. माघारी आलास की ने."

बैलगाडी उतारावरून दिसेनाशी झाली. मी कडूबाईच्या अंगावर होते. तिचं अंग चुलीसारखं तापलं होतं आणि तरी ती कापत होती.

त्यानंतर मी कडूबाईचीच झाले. ती दिवसदिवस मला लपेटून अंगणात बसे. दुसऱ्या हिवाळ्यात ती उन्हातही येईनाशी झाली. एका सकाळी आश्रुबा दूध घेऊन आला, तेव्हा माझ्या आतलं अंग थंड पडलं होतं. मी ऊब धरून ठेवण्यासाठी विणलेली होते, मित्रांनो. पण नसलेली ऊब मी कुठून आणणार?

सुंदरराव म्हणाले, "आत्ताच कळवू नये. त्याची परीक्षा जवळ आली आहे."

आश्रुबाने मान हलवली. "त्याची माय हाय. त्येला ठावं पायजे. आन् लिवा, येऊ नगं म्हनावं. तिनं कशापायी धाडलं, ते आठवावं म्हनावं."

शहादेव आला नाही. शिकून, पदवी घेऊनच आला. अंगात सुटाबुटाचा पोशाख होता आणि डोळे खोल गेले होते. आश्रुबाने मला खुंटीवरून काढून त्याच्यापुढे ठेवलं. "तुझी हाय. ने म्हनली होती."

शहादेवने हात पुढे केला आणि मधेच थांबवला. मग हलकेच विचारलं, "आबा, ती शेवटी रगत थुकायची का?"

"व्हय."

"मग ही जाळाया पायजे. क्षयाच्या माणसाचं अंथरून-पांघरून ठेवू नये. तिकडं तसंच शिकवत्यात."

 आश्रुबाने मला शहादेवच्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन मेंढरांत उभा राहिला.  मग शहादेवने मला उचलून चैत्राच्या उन्हात बाभळीच्या कुंपणावर पसरलं आणि रोज उलटंपालटं केलं. कडक उन्हात त्या रोगाचे जंतू मरतात, हेही तो तिकडे शिकला होता. उन्हाने माझा काळा रंग विटला, पण मी वाचले.

त्यातल्याच एका संध्याकाळी आश्रुबा त्याच्याजवळ येऊन बसला. "शादेवा, एक इचारू? मी तिला बीडच्या दवाखान्यात नेलं आसतं, तर?"

"मी जनावरांचा डाक्टर हाय, आबा."

"तरीबी सांग."

शहादेवने बापाचा हात धरला. "त्याला औषध न्हाई, आबा. हितं न्हाई आन् तिकडंबी न्हाई."

आश्रुबाने डोळे पुसले. तो प्रश्न त्याने एकट्यानेच मनात वागवला होता.

शहादेवने जिल्ह्यात गावोगाव हिंडून पुष्कळ जनावरं वाचवली. पण त्याने मला कधी पांघरलं नाही. घरातल्या मुलाबाळांनाही हात लावू दिला नाही. कडुलिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलं आणि दर उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने ऊन दिलं. तो गेला, आणि ऊन देणंही थांबलं. आता कसर मला खात आहे.

मित्रांनो, मला पांघरा असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा उन्हात टाका, एवढंच पुरे. आणि तुमच्यापैकी कुणी दूरदेशी शिकायला निघालं, तर कागद जुळवण्याच्या घाईतही घरातल्या माणसांजवळ घडीभर बसा. त्यांना बरं वाटतं का, ते विचारा. ती "बरंय" म्हणतील. तरीही त्यांच्या कपाळाला हात लावून बघा.